शेवटच्या बिटावर विसंबू नका

जोसेफ वाइसबेकर यांनी १९७०च्या दशकात छोट्या संगणकांवर खेळ लिहिणं सोपं जावं म्हणून चिप-८ ही भाषा रचली. ४०९६ बाइट मेमरी आणि १६ रजिस्टर असलेलं तिचं काल्पनिक यंत्र एम्युलेटर शिकणाऱ्याला पहिला धडा म्हणून फार चांगलं. त्यातली सीएक्सएनएन ही आज्ञा एक रँडम बाइट काढते, एनएनशी त्याचं 'अँड' करते आणि उत्तर रजिस्टरमध्ये ठेवते. एनएन ०१ असेल, तर उरतो फक्त शेवटचा बिट. म्हणजे नाणेफेकच.

हा बाइट आणायचा कुठून? नेहमीची युक्ती अशी: आधीच्या संख्येला १६,६४,५२५ने गुणायचं, १,०१,३९,०४,२२३ मिळवायचे आणि खालचे ३२ बिट ठेवायचे. आता कागदावर करून पाहा. दोन्ही आकडे विषम आहेत. आधीची संख्या सम असेल, तर गुणाकार सम आणि बेरीज विषम. विषम असेल, तर गुणाकार विषम आणि बेरीज सम. वरचे बिट कापल्यानं यात काही फरक पडत नाही. म्हणजे शेवटचा बिट ०, १, ०, १ असाच चालत राहणार आणि खेळातला शत्रू एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळणार! खालचा अख्खा बाइटसुद्धा २५६ वेळांनंतर तोच क्रम पुन्हा गिरवतो. उपाय सोपा आहे: संख्या २४ घरं उजवीकडे सरकवा आणि वरचा बाइट घ्या.

मी मात्र जॉर्ज मार्साग्लिया यांचा २००३चा एक्सऑरशिफ्ट निवडेन. संख्या १३ घरं डावीकडे, मग १७ उजवीकडे, मग ५ डावीकडे सरकवायची आणि दर वेळी सरकवण्याआधीच्या संख्येशी एक्सऑर करायची. सुरुवातीचं बीज शून्य नको, कारण शून्यातून शून्यच निघतं. क्रम ४,२९,४९,६७,२९५ संख्यांनंतर फिरून येतो. सेकंदाला ६० मागितल्या तरी सव्वादोन वर्षं पुरतील.

मर्सेन ट्विस्टर या दुसऱ्या रँडम पद्धतीचं आवर्तन याहून अफाट मोठं, पण त्याची अवस्थाच २४९६ बाइटची. चिप-८च्या निम्म्या मेमरीपेक्षा जास्त! आणि ही अवस्था खेळ सेव्ह करताना सोबत ठेवावीच लागते. नाहीतर सेव्ह उघडल्यावर खेळ वेगळ्या वाटेनं जातो आणि काल सापडलेली चूक आज पुन्हा दिसत नाही. एक्सऑरशिफ्टसाठी चार बाइट पुरतात. बीज घड्याळावरून एकदाच घ्या आणि लॉगच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवा.