दोन ग्रंथांच्या सीमेवरचे झुडूप

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला किनवट आणि माहूर या तालुक्यांतील डोंगररांगा कापूस-सोयाबीनच्या काळ्या शिवारातून वर उठतात, आणि ज्या मराठवाड्यात जंगलाखालची जमीन अत्यंत तोकडी आहे, तेथे साग, सालई, धावडा, तेंदू आणि मोह यांचे सलग पानझडी जंगल मुख्यतः याच भागात टिकून आहे. कोणता जीव कोठे आढळतो आणि का, याचा विचार करणाऱ्या जैवभूगोल या शास्त्रात बेट ही संज्ञा केवळ समुद्राने वेढलेल्या भूमीपुरती मर्यादित नाही. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार बेटावरील जातींची संख्या बेटाच्या क्षेत्रफळावर आणि मुख्य भूमीपासूनच्या त्याच्या अंतरावर अवलंबून असते, आणि हाच विचार पुढे शेतीने वेढलेल्या जंगलांना आणि एकाकी डोंगरांनाही लावला गेला. या अर्थाने किनवटचे डोंगर हे एक बेट असून त्याची मुख्य भूमी पूर्वेला व उत्तरेला, म्हणजे पैनगंगेपलीकडील यवतमाळच्या जंगलात, आदिलाबादच्या रांगांत आणि त्याहीपुढे चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनात आहे. मराठवाड्यात पूर्वी न नोंदलेले एखादे झुडूप सापडण्याची शक्यता याच तालुक्यांत सर्वाधिक का, याचे एक उत्तर या भूगोलात आहे, आणि दुसरे, अधिक महत्त्वाचे उत्तर इतिहासात आहे.

त्या इतिहासाकडे वळण्यापूर्वी दोन संज्ञा वेगळ्या करणे आवश्यक आहे, कारण वृत्तपत्रांतून त्यांची सरमिसळ नेहमी होते. विज्ञानाला आजवर अज्ञात असलेल्या वनस्पतीचे प्रथमच वर्णन करून तिला नाव दिले जाते, तेव्हा ती नवी जाती ठरते. परंतु जिचे वर्णन आधीच झालेले आहे अशी जाती एखाद्या प्रदेशात प्रथमच आढळली, तर ती त्या प्रदेशापुरती नवी नोंद असते. नव्या नोंदीलाही पायऱ्या आहेत, कारण एकच झुडूप जिल्ह्यासाठी नवे, मराठवाड्यासाठी नवे, पण राज्यासाठी मात्र शतकभर परिचित असे असू शकते. म्हणून नवी नोंद हे विधान जितके झाडाविषयी असते तितकेच ते आधीच्या ग्रंथांविषयी असते, आणि ते करणाऱ्याने ते ग्रंथ खरोखर पाहिलेले असले पाहिजेत.

किनवटच्या बाबतीत अडचण येथेच सुरू होते. पश्चिम भारतातील वनस्पतींचा आधारग्रंथ म्हणजे थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश. दक्षिणेचा तसाच ग्रंथ म्हणजे जे. एस. गॅम्बल यांनी १९१५ मध्ये सुरू केलेला आणि त्यांच्या निधनानंतर सी. ई. सी. फिशर यांनी १९३६ मध्ये पूर्ण केलेला मद्रास इलाख्याचा कोश. किनवट यांपैकी कोणत्याही इलाख्यात नव्हते. ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होते, आणि ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांची ही दोन्ही मोठी कामे संस्थानाच्या सीमेशी येऊन थांबली. ई. ए. पार्ट्रिज यांचा निजामाच्या राज्यातील वनांविषयीचा १९११ चा ग्रंथ उपलब्ध होता, पण तो वनखात्याच्या गरजेतून लिहिलेला होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर हे मंडळ आदिलाबादमधून काढून तत्कालीन मुंबई राज्याला जोडण्यात आले. त्यामुळे टी. पुल्लय्या आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये आदिलाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींची नोंद प्रसिद्ध केली, तोवर किनवट त्या जिल्ह्याबाहेर गेलेले होते. मराठवाड्याच्या वनस्पतींचा पहिला सविस्तर आढावा घेणारा व्ही. एन. नाईक यांचा द्विखंडात्मक ग्रंथ औरंगाबादहून १९९८ मध्ये आला, आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने काढलेले महाराष्ट्राच्या द्विदल वनस्पतींचे खंड त्यानंतर, २००० पासून. म्हणजे कोकणातील किंवा महाबळेश्वरच्या झुडपांची छाननी जेव्हा शंभर वर्षांची झाली होती, तेव्हा किनवटच्या झुडपांची सुरुवात होत होती. या भागात नव्या नोंदी मिळत असतील, तर त्या झाडे नव्याने तेथे आल्यामुळेच मिळतात असे समजणे चूक ठरेल. बहुतेक वेळा झाडे तेथेच होती आणि नोंदवही पोहोचली नव्हती.

प्रत्यक्ष ओळख कशी पटते, हे डिकेमालीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या पानझडी जंगलात कळ्यांच्या टोकांवर पिवळसर राळ गोळा करणारे हे झुडूप औषधी डिंकासाठी सर्वपरिचित आहे. परंतु डिकेमाली या एका नावाखाली गार्डेनिया गमिफेरा आणि गार्डेनिया रेझिनिफेरा अशा दोन जाती येतात. ओळखणारा प्रथम कुळ ठरवतो. पाने समोरासमोर, दोन समोरासमोरच्या देठांच्या मधोमध खोडाला चिकटलेली उपपर्णे, म्हणजे पानाच्या बुडाशी असणारी खवल्यासारखी बारीक पाने, जोडलेल्या पाकळ्या आणि पाकळ्यांच्या खाली बसलेला अंडाशय, एवढी लक्षणे एकत्र आली की ते कॉफी आणि कदंब यांचे कुळ, म्हणजे रुबिएसी, हे निश्चित होते. त्यानंतर प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, ठरवताना अंडाशय आडवा कापून पाहावा लागतो. गार्डेनियात त्याला एकच कप्पा असतो, तर त्याच जंगलातील काटेरी गेळ्यात दोन. शेवटी जातीचा प्रश्न उरतो, आणि तेथे निर्णायक लक्षण अगदी साधे आहे: गमिफेराची पाने जवळजवळ बिनदेठाची असतात, रेझिनिफेराच्या पानांना स्पष्ट देठ असतो. ग्रंथांमध्ये हा क्रम दोन-दोन पर्यायांच्या जोड्यांनी बांधलेला असतो आणि प्रत्येक जोडीत एक पर्याय निवडत वाचक जातीपर्यंत उतरतो. या रचनेला ओळखसूची म्हणता येईल, आणि तिची मर्यादा अशी की सूचीत नसलेले झुडूपही ती मुकाट्याने कोणत्या तरी नावापाशी नेऊन सोडते. म्हणून सूचीने दिलेले नाव हा तपासाचा आरंभ मानावा लागतो, आणि नंतर संपूर्ण वर्णन ओळीने ताडून पाहावे लागते. डिकेमालीचे फूल उमलताना पांढरे असते आणि एक-दोन दिवसांत पिवळे पडते. हे माहीत नसलेल्या व्यक्तीच्या टिपणात एकाच झाडाला दोन रंग लागतात आणि एक खोटी नवी जाती जन्माला येते.

एकाच वनस्पतीची दोन रूपे ही या शास्त्रातील जुनी आणि गंभीर अडचण आहे. हिंदी महासागरातील रॉड्रिग्ज या लहानशा डोंगराळ बेटावरील रामोस्मानिया रॉड्रिग्वेसी हे डिकेमालीच्याच कुळातील झुडूप विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नामशेष झाले असे मानले जात होते. १९८० च्या सुमारास शिक्षकाने वर्गात दाखवलेल्या चित्रावरून एका शाळकरी मुलाने त्याचे एकमेव झाड शोधून काढले. या जातीच्या कोवळ्या रोपाची पाने लांबट, अरुंद आणि तपकिरी असतात, तर प्रौढ झाडाची रुंद आणि हिरवी. दोन्ही अवस्था शेजारी ठेवल्या तर ते दोन वेगळ्या वनस्पतींचे नमुने वाटतील. १९८६ मध्ये त्याच्या फांद्या लंडनजवळच्या क्यू उद्यानात पोहोचल्या, तरी त्यापासून बी धरण्यास २००३ उजाडावे लागले.

महाराष्ट्रातील अलीकडचे उदाहरण याहून बोलके आहे. तळेगाव दाभाडे परिसरातील गवताळ उतारांवर आदित्य धारप यांना आढळलेली, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील मंदार दातार व क्यू येथील इयान डार्बीशायर यांच्यासह २०२४ मध्ये नवी जाती म्हणून वर्णिलेली डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा ही वनस्पती वर्षातून दोनदा फुलते: पावसाळ्यानंतर एकदा, आणि उन्हाळ्यात वणव्याने गवत जळून गेल्यावर लाकडट मुळापासून फुटलेल्या खुरट्या फांद्यांवर दुसऱ्यांदा. हे दोन बहर दिसायला इतके भिन्न आहेत की जातीच्या नावातच बहुरूपीपणाचा अर्थ घालण्यात आला. ही वनस्पती अनेक ऋतू पाहिली गेली म्हणूनच ती एक जाती ठरली. दिवाळीनंतरच्या एकाच भेटीवर निष्कर्ष काढला असता तर तिचे अर्धे आयुष्य वर्णनाबाहेर राहिले असते.

किनवटच्या जंगलाला हा धडा थेट लागू पडतो, कारण येथेही उन्हाळ्यात वणवे लागतात आणि अनेक झाडे-झुडपे पाने गळाल्यावर फुलतात. धायटीच्या लाल फुलांचा बहर उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो, पळसाप्रमाणेच कित्येकांच्या फुलांच्या वेळी फांदीवर एकही पान नसते, आणि पावसाळ्यात पाने येतात तेव्हा फुले गेलेली असतात. पानांवर आधारलेली सूची आणि फुलांवर आधारलेले वर्णन यांची गाठ घालायची, तर त्याच झाडाला खूण करून पुन्हा जावे लागते आणि फूल, पान, फळ अशा तिन्ही अवस्थांचे नमुने एकाच झाडाचे म्हणून गोळा करावे लागतात. अभयारण्याच्या हद्दीत यासाठी वनविभागाची परवानगी आवश्यक असते आणि ती आधीच घेतली पाहिजे. खटखटी, धामण यांसारख्या ग्रेविया प्रजातीच्या झाडाझुडपांत तर लव हेच मुख्य लक्षण असते. ताऱ्याच्या आकारात फाकलेले हे केस भिंगाखालीच दिसतात, मोबाइलवर टिपलेल्या छायाचित्रात उमटत नाहीत, आणि म्हणून केवळ छायाचित्रावरून ग्रेवियाची नवी नोंद जाहीर करणे अशास्त्रीय आहे.

नमुना दाबून, वाळवून सुमारे ४२ सेंटिमीटर लांबीच्या जाड कागदावर चिकटवला जातो आणि त्यावर ठिकाण, तारीख, उंची, फुलाचा ताजा रंग व संग्राहकाचा क्रमांक लिहिला जातो. असे कागद जेथे जपले जातात त्या संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचे आणि आघारकर संस्थेचे, तर मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लाटर हर्बेरियम ही त्यांतील प्रमुख आहेत. अंतिम निर्णय येथे होतो, कारण प्रत्येक शास्त्रीय नाव कोणत्या तरी एका मूळ नमुन्याला बांधलेले असते, त्या नमुन्याला टाइप म्हणतात, आणि १ जानेवारी १९५८ पासून नव्या जातीसाठी तो जाहीर करणे अनिवार्य आहे. किनवटच्या तेंदू आणि सालईची नावे विल्यम रॉक्सबर्ग यांच्याकडून आली, ज्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस कोरोमंडल किनाऱ्यावर सामलकोट येथे काम केले. म्हणजे पैनगंगेकाठच्या झुडपाची खातरजमा करणाऱ्याला अनेकदा पूर्व किनाऱ्यावरून युरोपात गेलेल्या कागदापर्यंत जावे लागते. हे कागद आता मोठ्या प्रमाणावर संगणकावर पाहता येतात, ही अलीकडच्या काळातील खरोखर उपकारक गोष्ट आहे. डीएनएच्या तुलनेनेही मदत होते, मात्र तुलनेसाठी अचूक ओळखलेला नमुना हाती असेल तरच, त्यामुळे वाळलेल्या कागदाचे महत्त्व तिने घटलेले नाही.

ज्या नोंदीमागे संग्रहालयात जमा झालेला नमुना नाही, ती नोंद पुढच्या अभ्यासकाला तपासता येत नाही आणि म्हणून ती ग्राह्य धरता येत नाही. किनवट, माहूर आणि नांदेड येथील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांकडून परीक्षेपुरते करून घेतलेले नमुने निकालानंतर टाकून न देता, पूर्ण तपशिलासह त्यांची दुसरी प्रत मोठ्या संग्रहालयात पाठवावी, आणि गोंड, कोलाम, आंध या समाजांतील जाणत्यांकडून झुडपाचे स्थानिक नाव व फुलण्याचा काळ विचारून तो त्याच चिठ्ठीवर लिहावा. जंगल फिरणाऱ्या वाचकाला अनोळखी झुडूप दिसले तर त्याने ते उपटू नये. देठाचे बूड, पानाची मागची बाजू, फूल आणि फळ यांची जवळून छायाचित्रे, जागेची अचूक नोंद आणि तारीख एवढे जवळच्या महाविद्यालयाला कळवावे, आणि जमल्यास वणव्यानंतर त्याच झाडापाशी पुन्हा जावे.