कमतरता खरी, पण कशाची?

नैराश्य म्हणजे मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन कमी होणं आणि स्मृतिभ्रंश म्हणजे उतारवयातला विसरभोळेपणा, असं सर्रास सांगितलं जातं. पहिल्या समजुतीचा एक धागा थेट मुंबईत सापडतो. सर्पगंधा ही वनस्पती रक्तदाबावर गुणकारी आहे, हे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली जगापुढे मांडलं. पुढे तिच्यातून काढलेलं रिसर्पिन मेंदूतलं सेरोटोनिन घटवतं असं दिसलं, आणि ते घेणारे काही रुग्ण उदास झाल्याच्या नोंदी आल्या. तेवढ्यावरून कमतरतेचा सिद्धान्त जोर धरू लागला. १९५५ च्या एका ब्रिटिश चाचणीत मात्र याच रिसर्पिनने चिंताग्रस्त, उदास रुग्णांना बरं वाटलं होतं. ते सोयीस्करपणे मागे पडलं. नैराश्यावरच्या आजच्या गोळ्या सेरोटोनिनवर काही तासांतच परिणाम करतात, मन सावरायला मात्र काही आठवडे जातात. निव्वळ तुटवडा असता, तर एवढी वाट का पाहावी लागली असती? २०२२ च्या एका व्यापक आढाव्यातही या सिद्धान्ताला ठोस पुरावा मिळाला नाही.

मग गोळ्या थोतांड आहेत का? मुळीच नाही. २०१८ मध्ये ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा नैराश्यावरची २१ औषधं लुटुपुटीच्या गोळीपेक्षा सरस ठरली. फरक बेताचा, पण खरा. औषध लागू पडलं म्हणून आजाराचं कारण सापडलं असं होत नाही, इतकंच. स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर या प्रकारात उलट ॲसिटिलकोलिन या मेंदूतल्या रसायनाचा तुटवडा सिद्ध झालेला आहे. मृत रुग्णांच्या मेंदूत ते तयार करणारं विकर फार घटल्याचं १९७६ मध्येच आढळलं. डोनेपेझिल हे औषध उरलेलं ॲसिटिलकोलिन टिकवतं, त्यामुळे काहींची स्मृती थोडी सावरते. पण पेशी मरतच राहतात, कारण हा तुटवडा मूळ नव्हे, परिणाम आहे. पेशींबाहेर अमायलॉइडचे थर साचतात, आत टाऊ प्रथिनाचा गुंता होतो, आणि रसायन बनवणाऱ्या पेशीच नाहीशा होतात.

नैराश्य आणि स्मृतिभ्रंश यांतला भेद घरातल्या माणसांनाही कळायला हवा. वृद्धांमधलं नैराश्य कधी हुबेहूब स्मृतिभ्रंशासारखं दिसतं आणि उपचारांनी विसरणंही कमी होऊ शकतं. नैराश्यावरचं जुनं ॲमिट्रिप्टिलिन तर ॲसिटिलकोलिनचंच काम अडवतं, त्यामुळे वृद्ध गोंधळू शकतात. तेव्हा ‘वय झालं’ म्हणत विसरण्याकडे दुर्लक्ष करू नका. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या, बी-१२ आणि थायरॉइड तपासायचं का ते विचारा, आणि कुठलीही गोळी परस्पर बंद करू नका.