हैदराबादच्या विमानांचे अवशेष : उत्खनन व जतन

जालना हें आज महाराष्ट्रांतील एका जिल्ह्याचें मुख्य ठाणें असलें, तरी १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तें निजामाच्या राज्यांत होतें, व औरंगाबाद जिल्ह्यांतील एक तालुका या नात्यानें त्याचा शेतसारा हैदराबादच्या खजिन्यांत जाई, हें वाचकांस विदित आहेच. त्या राज्याचे अधिपति मीर उस्मान अली खान यांनीं पहिल्या महायुद्धांत इंग्रजांच्या विमानदळास एका सबंध पथकाचीं विमानें दिलीं. हा पैसा सर्फेखासचा म्हणा कीं दिवाणीचा म्हणा, त्याचा उगम शेवटीं रयतेच्या सार्‍यांतच. म्हणून त्या विमानांचे जे अवशेष आज शिल्लक आहेत त्यांची विचारपूस करण्याचा अधिकार मराठवाड्यांतील संशोधकांस आहे, असें आम्ही समजतों. विमान हा आमच्या मंडळींच्या नित्य अभ्यासाचा विषय नव्हे. तथापि भग्न विमान उकरणें, त्यावरील अक्षरें वाचणें व तें राखून ठेवणें या कामांत जे प्रश्न उपस्थित होतात, ते ताम्रपटाच्या व पोथीच्या अभ्यासकास मुळींच अपरिचित नाहींत.

प्रथम जमिनीवर राहिलेल्या एका विमानाची हकीकत सांगतों. ११० व्या पथकास हैदराबादचें नांव मिळालें तें या देणगीमुळेंच. त्याचीं विमानें डी. एच. ९ ए या जातीचीं, दोन माणसांचीं, चारशें अश्वशक्तीच्या लिबर्टी यंत्रावर चालणारीं होतीं. सप्टेंबर १९१८ मध्यें पथक फ्रान्सांत गेलें. त्यांतील एफ १०१० या क्रमांकाचें विमान ५ ऑक्टोबर १९१८ रोजीं जर्मनीवरील स्वारींत शत्रूच्या हातीं पडलें, व त्यांतील दोघे अधिकारी कैद झाले. जर्मनांनीं तें मोडलें नाहीं. पुढें तें बर्लिनच्या विमानसंग्रहालयांत मांडलें गेलें. दुसर्‍या महायुद्धांत बर्लिनवर बाँबवर्षाव होऊं लागला तेव्हां तें पूर्वेकडे हलविण्यांत आलें व युद्धानंतर पोलंडमध्यें राहिलें. तेथील क्राकोच्या संग्रहालयाकडून १९७७ सालीं एका स्पिटफायर विमानाच्या मोबदल्यांत तें इंग्लंडांत आलें, आणि डागडुजीनंतर लंडनजवळील हेंडन येथील संग्रहालयांत ठेवण्यांत आलें.

या विमानाच्या अंगावर तें हैदराबादच्या निजामांनीं दिलेलें असल्याचा लेख आहे, व खालीं ‘हैदराबाद क्रमांक १२ ए’ अशी खूण आहे. दानशासनाची परीक्षा करतांना आपण दाता कोण, देय वस्तु कोणती, प्रतिग्रहीता कोण व काल कोणता, हें पाहतों. येथें दाता लेखांत आहे. देय वस्तु म्हणजे लेख धारण करणारें विमानच. काल त्याच्या क्रमांकावरून निघतो. ‘ए’ हें अक्षर मात्र लक्षपूर्वक वाचलें पाहिजे. मूळचें बारावें विमान गेलें व त्याच्या जागीं दुसरें आलें, म्हणजे दान तेंच राहून वस्तु बदलली, असें त्याचें तात्पर्य आहे. अशा एका अक्षरावर रंगाचा नवा हात फिरला असता, तर हा अर्थ कायमचा बुडाला असता.

याच विमानापासून दुसरा एक धडा मिळतो. पोलंडांतून तें आलें तेव्हां त्याचे पंख नव्हते. ते नवीन करावे लागले. प्रेक्षकास आज पूर्ण विमान दिसतें, आणि तें पाहून समाधान होतें हेंहि खरें. पण त्रुटित पोथीची आवृत्ति काढतांना आपण जें अक्षर कल्पनेनें भरतों तें कंसांत घालतों. पंख कितीहि निर्दोष बनविलेले असले तरी ते कंसांतील पाठ होत. जीर्णोद्धार करणारानें कंस कोठें सुरू होतो व कोठें संपतो हें वस्तूजवळच लिहून ठेवावें, एवढीच आमची अपेक्षा आहे. नाहीं तर शंभर वर्षांनंतरचा अभ्यासक नव्या लांकडावरून जुन्या कारागिरीचे सिद्धांत मांडील. पोथ्यांच्या बाबतींत असें झालेलें आपण पाहतोंच.

आतां जमिनींत गेलेल्या विमानाकडे वळूं. दुसर्‍या महायुद्धांत १५२ व २५३ या पथकांसहि हैदराबादचें नांव होतें. १५२ च्या चिन्हांत निजामाची दस्तार आहे, व ‘विश्वासू दोस्त’ या अर्थाचें त्याचें ब्रीद निजामाच्या इंग्रजी किताबांतून घेतलेलें आहे. या दोस्तीचा आरंभ आमच्या भागास चांगला ठाऊक आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं जालना जिल्ह्यांतील असईच्या मैदानावर, केळणा व जुई या नद्यांच्या दरम्यान, वेलस्लीनें शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा मोड केला, तेव्हां निजाम इंग्रजांचाच दोस्त होता.

२५३ व्या पथकाचें एल १९६५ या क्रमांकाचें हरिकेन विमान ३० ऑगस्ट १९४० रोजीं इंग्लंडच्या केंट परगण्यांत पडलें. त्याचा चालक पायलट ऑफिसर कॉलिन डन्स्टन फ्रान्सिस हा एकोणीस वर्षांचा होता. तो बेपत्ता ठरला. एक्केचाळीस वर्षांनीं, म्हणजे जालना स्वतंत्र जिल्हा झाला त्याच १९८१ सालीं, रोथम गांवाजवळ तें विमान उकरण्यांत आलें, तों त्याच्या चालककक्षांत त्या तरुणाचे अवशेष मिळाले. ब्रुकवुडच्या लष्करी स्मशानभूमींत त्यांचें विधिपूर्वक दफन झालें. ज्यांना अशी माती मिळाली नाहीं त्या सुमारें वीस हजार वैमानिकांचीं नांवें रनीमीड येथील स्मारकावर कोरलेलीं आहेत.

वेगानें सरळ खालीं आलेल्या विमानाचे पंख व शेपूट वरच फुटून राहतात. ते त्याच वेळीं भंगारांत गेलेले असतात. जड यंत्र व त्यामागील भाग मात्र चिकणमातींत कित्येक हात खोल जातो. तेलानें व इंधनानें मातीचा रंग निळसर-करडा होतो व तिला वास राहतो. खणणारास हीच पहिली खूण. हवा न पोंचल्यामुळें तेथें कागद, कापड व चामडेंहि टिकतें. परंतु बाहेर येतांच क्षय सुरू होतो. लोखंड गंजतें, अल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, कागद वाळून चुरतो. म्हणून ओली वस्तु ओलीच ठेवून सावकाश वाळवावी लागते, व घासूनपुसून चकचकीत करण्याचा मोह आवरावा लागतो, कारण ओळख पटविणारी अक्षरें बहुधा रंगाच्या पातळ थरावरच असतात. यंत्रावरील व सुट्या भागांवरील क्रमांकांच्या पट्ट्या पथकाच्या रोजनिशीशीं ताडून विमान ओळखलें जातें. घड्याळासारख्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग असतो व तोफगोळी जिवंत असूं शकते, तेव्हां हौशी माणसानें हात घालण्याचें हें काम नव्हे. इंग्लंडांत १९८६ च्या कायद्यानें परवान्याशिवाय असें खोदकाम करण्यास मनाई केली, व जेथें मृताचे अवशेष असण्याचा संभव आहे तेथें परवाना सहसा देत नाहींत. रोथमच्या मृतास माती मिळाली ती उत्खननामुळेंच हें खरें असलें, तरी हा निर्बंध आम्हांस योग्य वाटतो.

आपल्याकडे पूर्व हिमालयांतून चीनकडे जातांना पडलेल्या विमानांचे अवशेष पुष्कळ आहेत, व अरुणाचल प्रदेशांत पासीघाट येथें २०२३ सालीं त्यांचें संग्रहालय उघडलें. कायद्याचें छत्र मात्र अपुरें आहे. १९७२ च्या पुराणवस्तु कायद्यानें हस्तलिखितास पंचाहत्तर व इतर वस्तूंस शंभर वर्षें लागतात. म्हणजे १९४३ चें विमान २०४३ पर्यंत कायद्याच्या दृष्टीनें पुराणवस्तु नव्हे, पण त्याच दिवशीं त्याच्या चालकानें लिहिलेली रोजनिशी आजच तशी गणली जाऊं शकते. संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, कोठून निघाली तें न सांगतां विकावयास आणलेली क्रमांकाची पट्टी घेऊं नये. पोथीचें पुष्पिकेचें पान फाडून विकणारास आपण दारांत उभें करीत नाहीं. ही पट्टी त्या विमानाची पुष्पिकाच होय.

असईच्या तोफगोळ्यास तर शंभर वर्षें केव्हांच होऊन गेलीं आहेत. तेथें नांगराच्या फाळास असा गोळा लागला तर तो उचलण्यापूर्वीं शेताचा गट क्रमांक, खोली, व नदीपासूनचें अंतर व दिशा लिहून घ्यावी, आणि १८७८ च्या निखातनिधि कायद्याप्रमाणें मामला जिल्हाधिकार्‍यांस कळवावा. काळ्या जमिनीला उन्हाळ्यांत भेगा पडतात व पावसांत ती फुगते, त्यामुळें वस्तु मूळ जागेवरून खालींवर होते. तरी अनेक ठिकाणच्या अशा नोंदी एकत्र झाल्या, तर शिंद्यांच्या तोफा कोणत्या रेषेंत उभ्या होत्या हें इंग्रजी नकाशांवांचूनहि तपासून पाहतां येईल.