मुरुमांवर लसणाचा लेप : उपायापेक्षा अपाय अधिक

पुण्याहून बंगळूरकडे जाताना शहराच्या वेशीवर महामार्गालगत पीण्या औद्योगिक क्षेत्र लागते. १९७० च्या दशकात वसविण्यात आलेल्या या वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग घडविणाऱ्या असंख्य लहान कार्यशाळा आहेत. अशा कार्यशाळांत लेथवर काम करणाऱ्यांना येणारे मुरूम नेहमीच वयामुळे आलेले नसतात. त्यांवर लसूण ठेचून लावण्याचा प्रचलित घरगुती उपाय तर दोन्ही अंगांनी चुकतो.

लसणाच्या लौकिकाला आधार आहे, हे मान्य करावयास हवे. पाकळी ठेचली की तिच्यातील अलीन या द्रव्यावर अलिनेज या विकराची क्रिया होऊन अलिसिन तयार होते. उग्र वास त्याचाच. कॅव्हलिटो व बेली या अमेरिकी संशोधकांनी १९४४ मध्ये अलिसिन वेगळे काढून त्याचा जंतुनाशक गुण दाखवून दिला. मात्र प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत जंतू मरतात, म्हणून चेहऱ्यावरचा मुरूम बरा होतो असे नाही. मुरुमात जंतूंचा वाटा असतोच. पण त्वचेतील तेलग्रंथींचा अतिरिक्त स्राव, रोमछिद्र बुजणे व दाह ही कारणेही तितकीच महत्त्वाची आहेत.

शिवाय अलिसिन जंतू आणि त्वचा यांत भेद करीत नाही. ताजा लसूण त्वचेवर बांधून ठेवल्याने भाजल्यासारखे फोड आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. लसणातील डायअलिल डायसल्फाइडमुळे काहींना ॲलर्जीही होते. स्वयंपाक्यांच्या बोटांना पडणाऱ्या भेगांमागे पुष्कळदा हेच कारण असते. सावळ्या त्वचेवर अशा दाहानंतर उरलेला काळा डाग महिनोन्‌महिने जात नाही. मुरूम परवडला, डाग नको, अशी मग गत होते.

तेलाचे मुरूम

लेथ, मिलिंग वा ग्राइंडिंगच्या कामात वापरले जाणारे कटिंग ऑइल, विशेषतः पाणी न मिसळता वापरावयाचे खनिज तेल, रोमछिद्रांत साचते. त्यातून काळ्या टोकाच्या पुटकुळ्या व गळवे येतात. चेहऱ्यापेक्षा ती हाताच्या कोपरापुढील भागावर आणि मांड्यांवर अधिक दिसतात; कारण तेलाने भिजलेले कपडे तिथेच घासतात. खिशात कोंबलेला तेलकट बोळा हे तर हमखास कारण. आठवडाभर तोच गणवेश अंगावर राहिला, तर कोणतेही मलम पुरे पडणार नाही.

म्हणून यंत्रावर तेल उडू न देणारा आडोसा, तेल आत न शिरणारा ॲप्रन, रोज धुतलेले कपडे व काम संपताच साबणाने स्नान ही उपचाराची पहिली पायरी ठरते. हात थिनर किंवा रॉकेलने धुणे टाळावे. त्याने त्वचा कोरडी पडून आणखी बिघडते.

सौम्य मुरुमांवर बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा ॲडापलिन ही औषधे वापरली जातात. गुण येण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. बेन्झॉइल पेरॉक्साइडने उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, हेही ठाऊक असलेले बरे. गर्भवतींनी ॲडापलिन टाळावे. औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेली स्टिरॉइडयुक्त गोरेपणाची मलमे मुरूम वाढवितात. अशी अनेक मलमे २०१८ मध्ये केंद्र सरकारने चिठ्ठीवरच विकण्याच्या औषधांत समाविष्ट केली.

लसूण लावून आग होत असल्यास तो भाग लगेच गार पाण्याने धुवावा. त्यावर हळद, चुना वा टूथपेस्ट लावू नये. फोड आल्यास ते न फोडता डॉक्टरांना दाखवावे.