घरच्या जुन्या मोटारीसाठी वेल्डिंग यंत्र : निवड, खर्च आणि विवेक

आपल्या समाजातील अनेक जुन्या पेढ्यांच्या वखारीत किंवा वाड्याच्या मागील पडवीत वडिलांच्या काळची एखादी फियाट वा अँबॅसॅडर मोटार आच्छादनाखाली उभी असलेली आढळते. ती विकवत नाही आणि चालवता येत नाही. अलीकडे घरातील तरुण मंडळी अशी गाडी स्वहस्ते पूर्ववत करण्याची हौस धरू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. जी वस्तू आहे ती जपावी आणि नवीन संग्रह आवश्यकतेपुरताच करावा, या आपल्या परंपरेच्या शिकवणीशी ही हौस सुसंगतच आहे.

या गाड्यांशी आपले एक निराळे नातेही आहे. सोलापूर येथे 1882 साली दिगंबर जैन कुटुंबात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमिअर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्याच कारखान्यातून पुढे फियाट 1100 व तिचीच पुढची आवृत्ती प्रीमिअर पद्मिनी या गाड्या बाहेर पडल्या. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने 2023 साली निरोप घेतला. अँबॅसॅडरचे उत्पादन 2014 साली थांबले. यापुढे ज्या गाड्या उरल्या आहेत त्या खासगी मालकांनी जपल्या तरच उरतील.

तथापि हौस आणि सामर्थ्य यांच्यामध्ये गंज उभा असतो. बेळगाव, खानापूर या बाजूचा पाऊस आणि गोव्याकडील खारी हवा यांपुढे मोटारीचा पत्रा फार काळ टिकत नाही. गंजलेला भाग कापून नवा पत्रा सांधणे, हाच त्यावरील खरा उपाय होय. यासाठी घरी वेल्डिंगचे यंत्र घ्यावे काय, घ्यावे तर कोणते, आणि स्वस्तात घेताना कोठे सावध राहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

प्रथम हे समजून घ्यावे की, फियाट 1100 व अँबॅसॅडर या दोन्ही गाड्यांना जीपप्रमाणे स्वतंत्र चॅसी नाही. तळाचा पत्रा, दारांखालील पेटीसारखे पोकळ उंबरठे आणि बाजूचे खांब मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. सबब उंबरठा गंजला म्हणजे केवळ शोभा गेली असे नसून गाडीचे बळ गेले, असे समजले पाहिजे. वरून पुट्टी भरून रंग चढवलेली गाडी प्रदर्शनात शोभेल. परंतु आघात झाल्यास आत बसलेल्या माणसांचे रक्षण पुट्टी करणार नाही. यंत्राच्या निवडीत खरोखर पणास लागलेले असते ते हेच.

दुसरी गोष्ट पत्र्याच्या जाडीची. मोटारीचा अंगाचा पत्रा साधारण 0.8 ते 1 मिलिमीटर जाडीचा असतो. दरवाजाच्या ग्रीलसाठी किंवा शेडच्या कैच्यांसाठी वापरले जाणारे साधे रॉडचे यंत्र बाजारात सर्वांत स्वस्त मिळते आणि नवशिक्याचा हात प्रथम तिकडेच जातो. परंतु रॉडची ज्योत एवढ्या पातळ पत्र्यास सोसत नाही. सांधा होण्याऐवजी भोक पडते. दीड मिलिमीटरपेक्षा जाड लोखंडासाठी ते यंत्र उत्तम, मोटारीच्या अंगासाठी मात्र नव्हे. स्वस्त वस्तू जेव्हा कामास येत नाही तेव्हा तिच्याइतकी महाग वस्तू दुसरी नाही, हे व्यापाऱ्यास सांगणे नलगे.

जुने कारागीर ऑक्सिजन व ॲसिटिलीन वायूंच्या ज्योतीने पत्रा सांधीत. त्यांचे कौशल्य वादातीत होते. परंतु या ज्योतीची उष्णता दूरवर पसरते आणि सपाट पत्रा लाटांसारखा वाकतो. शिवाय ॲसिटिलीनचा बाटला राहत्या घरी ठेवणे आम्हांस मुळीच प्रशस्त वाटत नाही. टिग पद्धतीचा सांधा सुबक असतो आणि हातोडीने ठोकून सपाटही करता येतो. पण ते काम संथ आहे, त्यास पत्रा अत्यंत स्वच्छ लागतो आणि दोन्ही हातांचा मेळ साधण्यास पुष्कळ सराव लागतो.

राहिली ती मिग पद्धत. हिच्यात बारीक तार यंत्रातून आपोआप पुढे येते, तीच वितळून सांधा होतो, आणि भोवती सोडलेला वायू वितळलेल्या धातूस हवेपासून वाचवतो. घरगुती मोटारकामास हीच पद्धत सर्वांत सोयीची, असे आमचे मत आहे. हिचाच एक प्रकार वायूशिवाय चालतो. त्याच्या तारेच्या पोटात रसायन भरलेले असते. बाटल्याचा खर्च वाचतो आणि उघड्यावरही काम होते, हे त्याचे गुण. परंतु त्याची आच अधिक, शिंतोडे अधिक आणि सांध्यावर राख धरते. तळाच्या जाडसर भागास तो चालेल. मडगार्डाच्या पातळ पत्र्यास वायूसह मिगच योग्य.

आता यंत्र पाहताना कोणत्या गोष्टी तपासाव्यात ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट किमान विद्युत्प्रवाहाची. दुकानात यंत्राच्या अंगावरचा मोठा आकडा दाखवला जातो : इतके इतके अँपिअर. मोटारीच्या पत्र्यास बहुधा 40 ते 70 अँपिअर पुरतात. म्हणून यंत्र वर किती चढते यापेक्षा खाली किती उतरते आणि तेथे ज्योत स्थिर राहते काय, हे विचारावे. 30 अँपिअरपर्यंत उतरणारे आणि बारीक बारीक फरकाने प्रवाह बदलता येणारे यंत्र घ्यावे.

दुसरी गोष्ट ड्यूटी सायकलची. 10 मिनिटांपैकी किती वेळ यंत्र अखंड चालेल, हे ती टक्क्यांत सांगते. 140 अँपिअरला 20 टक्के, याचा अर्थ 2 मिनिटे काम आणि 8 मिनिटे विश्रांती. प्रवाह कमी केला की हे प्रमाण वर्गाच्या हिशोबाने वाढते. तेच यंत्र 70 अँपिअरवर चालवले तर प्रवाह निम्मा होतो, म्हणून अवधी चौपट, म्हणजे सुमारे 80 टक्के होतो. पातळ पत्र्याचे काम थांबून थांबूनच करावयाचे असल्याने घरगुती ग्राहकास मोठ्या कारखानी यंत्राची गरज नाही, हे या हिशोबावरून ध्यानात येईल.

तिसरी गोष्ट तारेची. 0.6 किंवा 0.8 मिलिमीटर तार यंत्राने सुरळीत ओढली पाहिजे. 0.8 मिलिमीटरची एक किलो तार सुमारे 250 मीटर भरते, म्हणजे लहान रिळातही पुष्कळ काम होते. मोठे रीळ दरात स्वस्त पडते. परंतु आपल्या दमट हवेत तारेवर गंज धरला की ती नळीत अडकू लागते. म्हणून गरजेपुरतीच तार घ्यावी व काम संपताच कोरड्या डब्यात ठेवावी.

चौथी गोष्ट ध्रुव बदलण्याची सोय. वायूसह साध्या तारेला टॉर्च धन बाजूस जोडतात, तर वायूविना चालणाऱ्या तारेला ऋण बाजूस. ज्या यंत्रात ही अदलाबदल करता येत नाही त्यास दोन्ही प्रकारचे म्हणून अधिक मोल देऊ नये.

पाचवी गोष्ट सुट्या भागांची. टॉर्चच्या टोकाची तांब्याची टिप, नोझल आणि आतील नळी या झिजणाऱ्या वस्तू आहेत. त्या बेळगावच्या उद्यमबागेतील किंवा आपल्या गावच्या दुकानात मिळतात काय, हे यंत्र घेण्यापूर्वी पाहावे. दूरवरून मागवलेले यंत्र दोन रुपयांनी स्वस्त पडले, पण एका टिपेसाठी महिनाभर बंद राहिले, तर बचत कसली?

यंत्राइतकाच विचार घरातील विजेचा केला पाहिजे. 60 अँपिअरवर सुमारे 17 व्होल्ट धरले तर ज्योतीस एक किलोवॉट लागतो. यंत्रातील व्यय धरून दीड किलोवॉट समजावा. हा भार घरच्या चांगल्या 16 अँपिअरच्या सॉकेटास झेपतो. परंतु तेच यंत्र 140 अँपिअरवर नेले तर साडेतीन ते चार किलोवॉट लागतात आणि त्या सॉकेटाची मर्यादा गाठली जाते. म्हणून मीटरपासून स्वतंत्र वायर, योग्य एमसीबी आणि भरवशाचे अर्थिंग, ही तीन कामे जाणत्या वायरमनकडून आधी करून घ्यावीत.

वायूच्या बाबतीत निव्वळ कार्बन डायऑक्साइड स्वस्त पडतो. त्याची आच खोल जाते व शिंतोडे अधिक उडतात. अरगॉनचे मिश्रण महाग, पण पातळ पत्र्यास मवाळ. मिश्रणाचा 7 घनमीटरचा बाटला मिनिटास 10 लिटर या दराने वापरला तर 700 मिनिटे, म्हणजे साडेअकरा तासांहून अधिक प्रत्यक्ष ज्योतीचा वेळ देतो. हौशी माणसास तो दीर्घकाळ पुरेल. बाटला अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा, त्यावरील चाचणीची तारीख वाचावी आणि तो भिंतीस साखळीने बांधून उभा ठेवावा.

यावरून हिशोबाची खाती स्पष्ट होतात : यंत्र, बाटल्याची अनामत व रेग्युलेटर, तार व टिपा, शिरस्त्राण, हातमोजे व सुती जाड कपडे, वायरिंग, आणि सरावात जाणारा पत्रा. ग्राहक बहुधा पहिल्याच खात्यात सर्व रक्कम घालतो आणि पुढील खाती उधारीवर टाकतो. आमचा सल्ला उलट आहे. डोळ्यांचे रक्षण व वायरिंग यांची रक्कम प्रथम बाजूला काढावी आणि उरलेल्या रकमेत जे यंत्र बसेल ते घ्यावे.

काम आरंभण्यापूर्वी बॅटरी सोडावी, पेट्रोलची टाकी गाडीपासून पूर्ण दूर न्यावी, आतील गाद्या व तळाचे डांबरी लेपन काढावे. क्लोरीनयुक्त ब्रेक-क्लीनरने पुसलेल्या जागी कदापि ज्योत लावू नये. त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू उत्पन्न होतो. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याच्या धुराने ताप भरतो, म्हणून मुलामा घासून काढावा व हवा खेळती ठेवावी. जवळ अग्निशामक आणि वाळूची बादली असावी, आणि काम संपल्यावर निदान अर्धा तास जागा सोडू नये. पत्र्याच्या पोकळीत धुमसणारी ठिणगी उशिरा पेट घेते.

सांधताना एका रेषेत सलग जाऊ नये. बोटाच्या पेराएवढा टाका येथे, दुसरा दूर तेथे, अशा रीतीने उष्णता वाटून द्यावी म्हणजे पत्रा वाकत नाही. मागे तांब्याची पट्टी धरल्यास भोक पडण्याचे भय कमी होते. कारखान्यात जेथे स्पॉट वेल्डिंग होते, तेथे वरच्या पत्र्यास 6 ते 8 मिलिमीटरची भोके पाडून ती भरावीत. प्रथम त्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर सराव करावा आणि सांधा चिमट्याने सोलून पाहावा. सांधा अलगद सुटला तर तो कच्चा. सांधा टिकून भोवतालचा पत्रा फाटला तर तो पक्का. ही परीक्षा उतरल्यावाचून गाडीस हात लावू नये. स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि सीट-बेल्ट यांच्या आधाराचे सांधे मात्र अनुभवी कारागिराकडूनच करवावेत.

मूळ आकार राखण्याचा आणखी एक लाभ आहे. केंद्र सरकारने 2021 साली केलेल्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपात राखलेली मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. चॅसी किंवा अंगाच्या सांगाड्यात मोठा बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. म्हणून कापावे तेवढेच, आणि बसवावे ते मूळच्याच आकाराचे.

येथे आपल्या आचाराशी निगडित दोन शब्द. रात्री ज्योतीच्या प्रखर प्रकाशाकडे पतंग व किडे झेपावतात. सबब हे काम दिवसाउजेडीच करावे. चातुर्मासात तर हवाही दमट असते, घासलेल्या पत्र्यास रातोरात तांबूस गंज धरतो. अशा रीतीने जीवदया आणि कारागिरी दोघीही एकच उपदेश करतात : पावसाळ्यात सराव व तयारी करावी, सांधकाम कार्तिकानंतर करावे. त्याचप्रमाणे वर्षातून चार दिवस लागणाऱ्या यंत्रासाठी प्रत्येक घराने भांडवल अडकवण्यापेक्षा तीन-चार घरांनी मिळून एक चांगले यंत्र घेतले तर खर्चही वाटला जाईल आणि परिग्रहही कमी होईल.

शेवटी आमच्या हार्डवेअर व यंत्रसामग्रीच्या व्यापारी बंधूंस एक विनंती. ग्राहक जेव्हा "स्वस्त यंत्र द्या" म्हणतो, तेव्हा "कोणत्या पत्र्यासाठी?" हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. यंत्रावरील मोठ्या आकड्याबरोबर त्याची ड्यूटी सायकलही वाचून दाखवावी, आणि जे यंत्र त्याच्या कामाचे नाही ते नाही म्हणून सांगावे. सत्य आणि अचौर्य ही व्रते गल्ल्यावर बसूनच पाळावयाची असतात. ग्राहकाने सांधलेल्या गाडीत उद्या त्याची मुलेबाळे बसणार आहेत, याचे स्मरण विकणारा आणि घेणारा या दोघांनीही ठेवावे. अलमतिविस्तरेण.