विश्लेषण : ऑस्करचा अंदाज घरी बांधता येतो, राष्ट्रीय पुरस्काराचा का नाही?

ऑस्कर सोहळा सुरू होतो तेव्हा जळगाव-धुळ्यात सोमवारची पहाट असते. दूधवाल्याची फेरीही पूर्ण झालेली नसते. तरीही मोबाइल किंवा टीव्ही लावून, हातात यादी घेऊन बसणारे हौशी प्रेक्षक आहेतच. प्रत्येक विभागात आपला अंदाज आधी लिहायचा, पाकीट उघडले की खूण करायची आणि शेवटी कोणाचे अंदाज जास्त बरोबर आले ते मोजायचे, असा हा घरगुती खेळ. सर्वोत्तम चित्रपट कोणता हे ओळखणारा त्यात जिंकेल, असे वाटते. प्रत्यक्षात मतदार कोण आहेत आणि मोजणी कशी होते हे जाणणारा बहुधा पुढे जातो. ज्या पुरस्कारांशी खान्देशाचे जुने नाते आहे, त्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत मात्र हा खेळ नीट खेळताच येत नाही. असे का, याविषयी…

सोहळा सुरू असताना मतदान चालू असते का?

नाही. आपण सोहळा पाहायला बसतो तेव्हा निकाल लागून गेलेला असतो, फक्त तो पाकिटात बंद असतो. २०२५ चा सोहळा २ मार्चला झाला. अंतिम मतदान ११ ते १८ फेब्रुवारी या काळात झाले होते. म्हणजे शेवटच्या बारा दिवसांतील मुलाखती, वाद, कौतुक यांचा निकालावर काहीही परिणाम झाला नाही. अंदाज बांधताना पहिली तारीख पाहायची ती मतदान संपण्याची.

पाकिटाची प्रथा एका वर्तमानपत्रामुळे सुरू झाली. पूर्वी विजेत्यांची नावे रात्री उशिरा छापण्याच्या अटीवर वृत्तपत्रांना आधीच दिली जात. १९४० मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने ती सायंकाळच्या अंकात छापली आणि सोहळ्याला आलेल्या पाहुण्यांना निकाल दारातच कळला. पुढच्या वर्षीपासून बंद पाकिटे आली. मोजणी करणाऱ्या ‘प्राइसवॉटरहाउसकूपर्स’ या संस्थेकडून २०१७ मध्ये चुकीचे पाकीट मंचावर गेले आणि ‘मूनलाइट’ऐवजी आधी ‘ला ला लँड’चे नाव पुकारले गेले. तेव्हा घरोघरच्या याद्यांवरही खाडाखोड करावी लागली.

भारतात नेमके किती वाजता पाहायचे?

२०२५ मध्ये सोहळा आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू झाला, तर २०२४ मध्ये साडेचारला. अमेरिकेतील घड्याळात दोन्ही वर्षी दुपारचे चारच वाजले होते. फरक पडला तो तिथल्या उन्हाळी वेळेमुळे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळे तासभर पुढे केली जातात. सोहळा त्यानंतर असेल, तर आपल्याला तासभर आधी उठावे लागते.

२०२९ पासून ऑस्कर सोहळा जगभर यूट्यूबवर मोफत दाखवण्याचा करार झाला आहे. त्यामुळे वेगळ्या वर्गणीशिवाय साध्या मोबाइलवरही तो थेट पाहता येईल.

मत कोण देते आणि मोजणी कशी होते?

ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे सुमारे दहा हजार मतदार आहेत आणि ते सारे चित्रपट व्यवसायातले आहेत. नामांकने बहुतेक विभागांत ज्याची त्याची शाखा ठरवते. अभिनेते अभिनेत्यांना निवडतात, संकलक संकलकांना. अंतिम फेरीत मात्र सर्वांना सर्व विभागांत मत देता येते. ध्वनीच्या पुरस्काराला ध्वनितज्ज्ञांपेक्षा इतरांचीच मते जास्त पडतात, ती यामुळे.

बहुतेक विभागांत ज्याला सर्वाधिक मते तो विजेता. पाच नामांकनांत मते सारखी विभागली गेली, तर २१ टक्के मतेही पुरतात. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी नियम वेगळा आहे. तिथे दहा चित्रपटांना पसंतीक्रम द्यावा लागतो.

हे स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने समजून घेऊ. नऊ माणसांच्या घरात रविवारचा बेत ठरतो आहे. चौघांची पहिली पसंती शेवभाजी, तिघांची भरीत-भाकरी, दोघांची वरण-बट्टी. साध्या मतदानात शेवभाजी जिंकली असती. पसंतीक्रमाच्या पद्धतीत निम्म्याहून जास्त मते, म्हणजे पाच, कोणालाच नाहीत. म्हणून सर्वांत कमी मतांची वरण-बट्टी बाद होते आणि त्या दोघांची दुसरी पसंती पाहिली जाते. दोघांनीही दुसऱ्या क्रमांकावर भरीत लिहिले असेल, तर भरिताची मते पाच होतात आणि बेत भरिताचा ठरतो.

म्हणून सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा अंदाज लिहिताना ‘कोणाला सर्वांत जास्त लोक डोक्यावर घेतात’ एवढेच पाहून चालत नाही. ‘कोणाला फारसे कोणी नाकारत नाही’ हेही पाहावे लागते. निम्म्या लोकांना प्रचंड आवडलेला आणि उरलेल्यांना अजिबात न रुचलेला चित्रपट इथे मागे पडू शकतो.

आधीचे पुरस्कार किती खरे ठरतात?

ऑस्करपूर्वी अमेरिकेतील दिग्दर्शक, निर्माते आणि अभिनेते यांच्या संघटना आपापले पुरस्कार देतात. ब्रिटनचे ‘बाफ्टा’ही याच हंगामात असतात. या संघटनांचे अनेक सदस्य अकादमीचेही मतदार आहेत. समीक्षकांच्या मतापेक्षा त्यांच्या निकालाला जास्त वजन द्यावे, ते या कारणासाठी. दिग्दर्शक संघटनेचा विजेता आणि ऑस्करचा दिग्दर्शक न जुळल्याचे प्रसंग १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून बोटांवर मोजण्याइतके आहेत.

२०२५ मध्ये ८ फेब्रुवारीला दिग्दर्शक आणि निर्माते या दोन्ही संघटनांनी ‘अनोरा’ला पसंती दिली, ऑस्करही ‘अनोरा’लाच मिळाले. त्याच वर्षी अभिनेत्रीच्या विभागात मात्र अनेकांचा अंदाज चुकला. डेमी मूर यांना गोल्डन ग्लोब आणि अभिनेत्यांच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला होता. ऑस्कर गेले मिकी मॅडिसन हिच्याकडे. बारकाईने पाहणाऱ्यांना त्याची एक खूण आधी दिसली होती. मॅडिसनला १६ फेब्रुवारीला, मतदान सुरू असतानाच, बाफ्टा मिळाले होते. मूर यांचा अभिनेत्यांच्या संघटनेचा पुरस्कार २३ फेब्रुवारीचा, म्हणजे मतदान संपल्यानंतरचा.

संकेत फसतातही. २०२० मध्ये ‘१९१७’ या चित्रपटाकडे निर्माते, दिग्दर्शक आणि बाफ्टा असे तिन्ही पुरस्कार होते. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मात्र कोरियाच्या ‘पॅरासाइट’ने नेले.

भारतीय चित्रपटांच्या बाबतीत अंदाज का चुकतो?

कारण आपण आवडीवरून अंदाज लिहितो. ‘लापता लेडीज’ला २०२५ च्या फिल्मफेअर सोहळ्यात १३ पुरस्कार मिळाले. तोच चित्रपट ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका होता. पण १५ चित्रपटांच्या प्राथमिक यादीतही तो आला नाही. दोन्हीकडचे मतदार वेगळे, म्हणून निकाल वेगळा. परभाषिक चित्रपटांच्या विभागात आजवर ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’ हे तीनच भारतीय चित्रपट अंतिम पाचांत पोहोचले. ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ या मराठी प्रवेशिकांना नामांकन मिळाले नाही. ‘श्वास’च्या वेळी तर अमेरिकेतील प्रचारखर्चासाठी सर्वसामान्य माणसांनीही वर्गणी दिली होती.

याउलट १३ मार्च २०२३ च्या सकाळी ‘नाटू नाटू’ या गाण्याने बाजी मारली, तेव्हा अंदाज लिहिणाऱ्यांना फारसे आश्चर्य वाटले नाही. ‘आरआरआर’ ही भारताची अधिकृत प्रवेशिकाही नव्हती. पण गाण्याला आधीच गोल्डन ग्लोब मिळाले होते आणि अमेरिकेतील मतदारांनी चित्रपट मोठ्या संख्येने पाहिला होता.

मग राष्ट्रीय पुरस्कारांचा अंदाज का बांधता येत नाही?

इथे लढत कोणाकोणात आहे हेच प्रेक्षकाला कळत नाही. नामांकनांची यादी जाहीर होत नाही. प्रादेशिक समित्या चित्रपट पाहून शिफारशी करतात आणि मध्यवर्ती समिती अंतिम निर्णय घेते. विजेत्यांची घोषणा पत्रकार परिषदेत होते. राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार देण्याचा सोहळा त्यानंतर कधीतरी असतो. २०२३ च्या चित्रपटांचे ७१ वे पुरस्कार १ ऑगस्ट २०२५ रोजी जाहीर झाले आणि सोहळा झाला २३ सप्टेंबरला. सोहळा घरी पाहताना निकाल जुना झालेला असतो. शिवाय समितीचे सदस्य दरवर्षी बदलतात. त्यामुळे ‘मतदारांचा कल’ असा काही हाती लागत नाही.

हा फरक सुरुवातीपासूनचा आहे. फिल्मफेअर आणि सरकारी पुरस्कार दोन्ही १९५४ मध्ये सुरू झाले. २१ मार्चला मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात झालेल्या पहिल्या फिल्मफेअर सोहळ्यातील विजेते वाचकांच्या मतांनी ठरले होते. सरकारी पुरस्कार समितीने ठरवले आणि पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले.

खान्देशाचा यात काय संबंध?

‘श्यामची आई’ लिहिणारे साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. त्यांच्या पुस्तकावरील चित्रपटाला पहिले सुवर्णपदक मिळाले आणि त्याच कथेवर सुजय डहाके यांनी केलेला नवा चित्रपट ७१ व्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. दोन्हींमध्ये सात दशकांचे अंतर आहे. मूळ शिरपूरच्या कुटुंबातील स्मिता पाटील यांना ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ या चित्रपटांसाठी दोनदा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘चक्र’साठी फिल्मफेअरही त्यांनाच मिळाले. समिती आणि लोकप्रिय पुरस्कार यांचे एकमत झाल्याचे ते उदाहरण.

यापुढचा प्रश्न अहिराणीचा आहे. राष्ट्रीय पुरस्कारांत संविधानाच्या आठव्या अनुसूचीबाहेरील भाषांतील चित्रपटांसाठीही स्वतंत्र पुरस्कार देता येतो. ७१ व्या पुरस्कारांत गारो आणि ताई फाके या भाषांना तो मिळाला, त्याआधी तुळू आणि हरियाणवीला. खान्देशी ही २०११ च्या जनगणनेत अनुसूचीबाहेरील स्वतंत्र भाषा म्हणून नोंदली गेली असून तिचे भाषक १८ लाखांहून अधिक आहेत. अहिराणीचा समावेश त्यातच होतो. मोबाइलवर अहिराणी गाणी आणि विनोदी व्हिडीओ भरपूर पाहिले जातात. पण राष्ट्रीय पुरस्काराच्या स्पर्धेत उतरायला सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र असलेला चित्रपट लागतो. प्रमाणपत्र घेऊन वेळेत प्रवेशिका पाठवली, तरच समिती तो पाहणार. इथे प्रेक्षकाच्या अंदाजापेक्षा निर्मात्याचा अर्ज महत्त्वाचा ठरतो.

घरी खेळ खेळायचा तर कसा?

कागदावर दोन रकाने करावेत : ‘मला आवडलेला’ आणि ‘जिंकणारा’. दोन्हीकडे तेच नाव सारखे येत असेल, तर तो अंदाज नसून आवड आहे, हे लगेच दिसते. नामांकनातले अनेक चित्रपट जिल्ह्याच्या ठिकाणी पडद्यावर येतच नाहीत. त्यामुळे न पाहिलेल्या चित्रपटाचा अंदाज बांधावाच लागतो. २०२५ मध्ये अकादमीने मात्र आपल्या मतदारांना, विभागातील सर्व चित्रपट पाहिल्याशिवाय त्या विभागात मत देता येणार नाही, असा नियम केला.

याद्या आदल्या रात्री गोळा करून ठेवाव्यात. मोठ्या विभागांत सगळ्यांचे अंदाज साधारण सारखेच येतात. गुणांचा फरक पडतो तो लघुपट, माहितीपट अशा कमी चर्चेच्या विभागांत. म्हणून त्यांनाही तेवढेच गुण द्यावेत. दहावीची परीक्षा असलेल्या घरात सोहळा दुपारनंतर पाहायचा असेल, तर तोवर मोबाइलवरील सूचना बंद ठेवाव्या लागतील.

पैज लावायचीच तर ती शेवभाजीच्या जेवणापुरती असावी. ऑनलाइन पैसे लावून खेळायच्या खेळांवर ऑगस्ट २०२५ मधील केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे. ऑस्कर किंवा राष्ट्रीय पुरस्कारांत प्रेक्षकांचे मतदान नसते. त्यामुळे ‘मत द्या, बक्षीस जिंका’ म्हणून ओटीपी मागणारी कोणतीही लिंक आली, तर ती उघडू नये.