बनियनच्या कापडाची हातशिलाई

कापूस पिकविणाऱ्या माणसाच्या हातांतून कापूस फार लवकर निघून जातो. वाशीम जिल्ह्यांतील कारंजा तालुक्यांतलें कामरगांव हें अशाच वऱ्हाडी मुलखांतलें गांव. ह्या मुलखांत कपाशी फुटते, वेचणी होते, कापूस जिनिंगमध्यें जातो, सरकी वेगळी होऊन रुईच्या गांठी बांधल्या जातात, आणि त्या गांठींबरोबर तो शेतकऱ्याच्या नजरेआड होतो. पुन्हां दिसतो तो बनियन किंवा टी-शर्ट होऊन, आठवडी बाजारांत दोरीवर टांगलेला. मधल्या साऱ्या क्रिया यंत्रांच्या आहेत, आणि त्यांपैकीं कताई-विणाई घरीं करणें आज फार थोड्यांस परवडेल. शेवटची क्रिया मात्र घरीं होण्याजोगी आहे. ती म्हणजे शिलाई. ‘हें कापड हातानें शिवतां येत नाहीं’ असा समज आढळतो. तो कितपत खरा आहे, हें तपासून पाहण्यासारखें आहे.

प्रथम ह्या कापडाचा स्वभाव ओळखला पाहिजे. मागावरच्या कापडांत उभा ताणा आणि आडवा बाणा एकमेकांस छेदतात. लुगडें, धोतर, खादी हीं सारीं त्या जातीचीं. बनियनच्या कापडांत धागा फांसे घेत घेत जातो आणि प्रत्येक फांसा खालच्या फांशांतून ओढलेला असतो. ताण पडला कीं फांसा रुंदावतो, ताण सुटला कीं पूर्वपदावर येतो. असें कापड यंत्रावर विणण्याची युक्ति इंग्लंडांत विल्यम ली ह्यानें १५८९ सालीं पायमोज्यांसाठीं काढली. इंग्लंड व फ्रान्स ह्यांच्यामधल्या समुद्रांत जर्सी आणि गर्न्सी अशीं दोन बेटें आहेत. तेथील लोकरी विणकामाची ख्याति मोठी. पहिल्या बेटाचें नांव ह्या कापडास मिळालें, आणि दुसऱ्याच्या नांवावरून आपल्याकडचा ‘गंजिफ्राक’ हा शब्द आला.

आतां शिलाईची अडचण कोठें आहे तें पाहूं. एलिअस हौ ह्यास १८४६ सालीं ज्या शिवणयंत्राचें पेटंट मिळालें, त्यांत वरचा व खालचा असे दोन धागे एकमेकांत अडकतात. आजचें घरगुती यंत्रही त्याच तत्त्वावर चालतें. त्याची सरळ टीप घट्ट असते. तींत शिल्लक धागा नसतो. कापड ताणलें कीं टीप ताणूं शकत नाहीं, आणि तट्‌कन तुटते. कारखान्यांत ह्यासाठीं ओव्हरलॉकचें निराळें यंत्र असतें; तें धाग्याचे सैल फांसे टाकीत जातें. म्हणजे दोष कापडाचा नव्हे, ताठर टिपेचा आहे. हाताच्या टांक्यांत धागा किती सैल ठेवावयाचा हें शिवणाराच्या बोटांवर असतें, आणि हाच हातशिलाईचा मोठा गुण होय.

कामास आरंभ करण्यापूर्वीं कापड कोमट पाण्यांत धुवून सावलींत आडवें पसरून वाळवावें. सुती विणीचें कापड पहिल्या धुण्यांत आटतें. सुलट बाजूस बारीक उभ्या ओळी दिसतात, त्या अंगावर उभ्याच याव्यात, म्हणजे जास्त ताण घेणारी बाजू छातीभोंवतीं येते. माप घेण्यास अंगास नीट बसणारा जुना बनियन पुरे. तो कापडावर पसरून खडूनें आंखावा, शिवणीस पाव इंच व खालच्या दुमडीस एक इंच अधिक सोडावें.

सुई बारीक आणि गोल टोकाची मिळाल्यास उत्तम, कारण तीक्ष्ण टोंक फांसा तोडतें आणि तेथून भोंक वाढूं लागतें. दोरा सुती, दुहेरी, आणि कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत लांब घ्यावा. शिवण्यापूर्वीं तो चिमटींतून दोन-तीनदां ओढावा. त्यामुळें पीळ बसतो आणि गुंता होत नाहीं.

सर्व जागीं एकच टांका चालत नाहीं. बाजूच्या शिवणी उभ्या जातात, त्यांवर ताण थोडा. तेथें धावदोरा पुरतो. मात्र वीतभर शिवून झालें कीं शिवण दोन्ही हातांनीं हलकेंच ओढावी, म्हणजे दोरा जागेवर बसतो आणि चुण्या पडत नाहींत. बाहीच्या घेरास उलटी टीप घालावी. तिचे टांके मागच्या बाजूस एकमेकांवर येतात, म्हणून दोरा अधिक खर्च होतो आणि तेवढीच लवचीकता राहते. खांद्यावर साऱ्या कपड्याचा भार असतो. तेथें शिवणींत सुती फीत धरावी, नाहींतर खांदे लोंबतात. गळ्याची पट्टी आडवी कापावी व घेरापेक्षां आंखूड ठेवावी. घेर २२ इंच असेल तर पट्टी १९ इंच घेऊन ती किंचित ताणत, एकमेकांस छेदणाऱ्या तिरप्या टांक्यांनीं बसवावी. मग गळा डोक्यावरून सहज जातो आणि पुन्हां आवळून बसतो. कापलेली कड गुंडाळली जाते खरी, पण सहसा उसवत नाहीं. खालची दुमड घातली नाहीं तरी चालतें.

मध्यम मापाच्या अर्ध्या बाहीच्या कपड्यांत साऱ्या शिवणी मिळून सुमारें १७५ इंच होतात. इंचास सहा टांके धरले तर एकंदर हजारांवर टांके पडतात. चार-पांच संध्याकाळचें हें काम आहे.

इतके कष्ट कोण घेईल, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचें एक उत्तर अमेरिकेंतील अलाबामा राज्यानें दिलें. तेंही कापसाचेंच राज्य. त्यांतील फ्लॉरेन्स गांवच्या परिसरांत टी-शर्टांचे कारखाने होते. शेजारी देशांशीं झालेला मुक्त व्यापाराचा करार १९९४ सालीं अमलांत आल्यावर तेथील शिलाईचा धंदा परदेशीं जाऊन तो ओसरला. पुढें २००० सालच्या सुमारास नॅटली चॅनिन ह्या बाईंनीं जुने टी-शर्ट कापून त्यांचे कपडे संपूर्ण हातानें शिवून घेण्यास तेथें आरंभ केला. रजया शिवणाऱ्या बायकांचा साधा धावदोराच त्या कामास उपयोगीं पडला.

वऱ्हाडांत तो टांका परका नाहीं. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून गोधडी शिवणारी आजी हेंच करीत आली आहे: टांका सारखा, दोरा ना सैल ना आवळलेला. यंत्र नसलेल्या घरींही ही विद्या असूं शकते. गळ्याशीं फाटलेल्या टी-शर्टाची पाठ बहुधा शाबूत असते. तींतून लहान मुलाचा अंगरखा निघतो. आणि शिवण कोठें सुटलीच, तर ती कशी घातली होती हें शिवणारीस ठाऊक असल्यामुळें, दुरुस्तीस तीच सुई आणि तोच दोरा पुरतो.